बावीस नंबरची खोली

सेटवर काचेची वस्तू फुटायची असली की आमच्या पीसीआरमध्ये, म्हणजे टीव्ही स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, सगळे गप्प व्हायचे. समोर तीन कॅमेऱ्यांचे मॉनिटर, माझ्यापुढे स्विचर, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते बटणानं निवडायचं यंत्र, कानात फ्लोअरशी बोलायचा टॉकबॅक. खाली फ्लोअरवर प्रॉपर्टीवाले दादा एकसारखे पाच-सहा कप ट्रेमध्ये घेऊन उभे. एका मालिकेत सासूच्या हातून कप पडायचा होता. पहिला कप फुटलाच नाही, गालिच्यावरून घरंगळत सोफ्याखाली गेला. दुसरा फुटला, पण त्या क्षणी मी दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर होते आणि कप तीन नंबरला दिसत होता. तिसऱ्या वेळी बाई संवाद विसरल्या. चौथ्या कपाला सगळं जुळून आलं. तेव्हापासून पडद्यावर कुठेही काच फुटली की माझं उजव्या हाताचं बोट आपोआप बटण शोधतं.

'ट्वायलाइट झोन' या गूढकथांच्या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा 'ट्वेंटी टू' हा एपिसोड पाहताना तेच झालं. भाचा अमेरिकेहून डीव्हीडीचा संच घेऊन आला होता आणि मी रोज जेवणानंतर एकेक भाग बघत होते. एक बाई हॉस्पिटलच्या खोलीत रात्री जागी होते. घड्याळाची टिकटिक चाललेली. तिला तहान लागलेली. ती पाण्याच्या ग्लासाकडे हात नेते, ग्लास सुटतो, फुटतो. मग बाहेर पावलांचा आवाज. ती दार उघडून बघते तर एक नर्स लिफ्टमध्ये शिरताना दिसते. लिफ्ट तळघरात जाते. ही बाई मागोमाग लिफ्टनं खाली. तळघरात एक दार, त्यावर आकडा बावीस. तो शवागाराचा दरवाजा. दार धाडकन उघडतं, ती नर्स बाहेर येते आणि हसून म्हणते, "रूम फॉर वन मोअर, हनी." अजून एकीची जागा आहे, बाळ.

बाई किंचाळत लिफ्टकडे पळते. हे रोज रात्रीचं. रोज तेच स्वप्न, त्याच क्रमानं.

मी डीव्हीडी थांबवली. गोष्टीमुळे नाही, चित्रामुळे. चित्र काहीतरी वेगळं होतं. आदल्या दिवशीच्या भागात काळा रंग खोल होता, सावल्या सुरीसारख्या होत्या. हा भाग मात्र राखाडी, सपाट, दिव्यांच्या कडेला काळसर वलय. हे वलय मला ओळखीचं होतं. जुन्या ट्यूब कॅमेऱ्यांवर काम केलेल्या माणसाला ते पाहता क्षणी कळतं. म्हटलं, हे फिल्मवर नाही, टेपवर आहे.

आणि तसंच होतं. 'ट्वायलाइट झोन' २ ऑक्टोबर १९५९ ला सुरू झाली (आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं तीही तारीख २ ऑक्टोबरच, फक्त साल १९७२). दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट, नवे सेट. रोजच्या मालिकेत सेट एकदा लावला की दोन वर्षं तोच दिवाणखाना चालतो, पण अशा सुट्या गोष्टींच्या कार्यक्रमात दर भागाला सगळं नव्यानं उभारावं लागतं, म्हणून पैसा पाण्यासारखा जातो. दुसऱ्या वर्षी एका भागाचा खर्च ६५ हजार डॉलरच्या आसपास गेला. ती दाखवणाऱ्या सीबीएस या टीव्ही कंपनीच्या वरच्या मंडळींना ते फार वाटलं. म्हणून सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर करायचे ठरलं. एमजीएम या सिनेमा कंपनीचा मोठा स्टुडिओ सोडून हे सहा भाग लॉस एंजेलिसमधल्या सीबीएसच्या टेलिव्हिजन सिटीत झाले. 'ट्वेंटी टू' त्यातला एक. तो १० फेब्रुवारी १९६१ ला दाखवला गेला. दर भागामागे सुमारे पाच हजार डॉलर वाचले. सहा भागांचे मिळून तीस हजार, म्हणजे एका भागाचा निम्मा खर्चसुद्धा नाही. त्यानंतर त्यांनी पुन्हा टेपचं नाव काढलं नाही.

या सहा भागांबद्दल बहुतेक लोक हळहळतात. टेपमुळे मजा गेली, चित्र स्वस्त दिसतं, बाहेर जाऊन शूटिंग करता आलं नाही वगैरे. हे सगळं खरं आहे. तरी 'ट्वेंटी टू'च्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

आधी टेप म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगते. तेव्हाची टेप दोन इंच रुंद. तिच्यावर चित्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फिल्म दिव्यासमोर धरली की चौकट दिसते, कुठे कापायचं ते समजतं. टेप जोडायची तर लोखंडाची बारीक भुकटी असलेलं द्रव लावायचं, सूक्ष्मदर्शकाखाली खुणा शोधायच्या आणि पात्यानं कापायचं. चुकलं की चित्र उडालं. मी १९८७ ला अंधेरीत एका स्टुडिओत लागले तेव्हा आमच्याकडे यू-मॅटिक होतं, म्हणजे कॅसेटमधली टेप; पाच सेकंद आधीपासून चालवून (हे प्री-रोल) दोन यंत्रं एकमेकांशी जुळवायची, एखादा कट नीट बसेपर्यंत चहा थंड व्हायचा. ते काम किचकट वाटायचं. १९६१ च्या लोकांकडे तेवढंही नव्हतं. त्यामुळे ते शक्यतो कापायचेच नाहीत. चार कॅमेरे, आणि नाटकासारखा प्रवेश सलग करायचा, कट जागच्या जागी स्विचरवर. मी आयुष्यभर जे केलं तेच.

आता पुन्हा तो ग्लास बघा. तो फुटला की फुटला. बाई पलंगावरून वाकते, हात पुढे जातो, ग्लास निसटतो. त्या क्षणी स्विचरवर योग्य कॅमेरा निवडलेला नसेल तर प्रवेश पहिल्यापासून. नटीला पुन्हा घामेजलेलं जागं व्हायचं, पुन्हा तहानायचं. कुणीतरी माझ्यासारखी किंवा माझ्यासारखा काचेपलीकडे बोट टेकवून बसलेलं आहे, हे मला त्या चित्रात दिसतं. दिग्दर्शक जॅक स्माइट. टेपवरच्या या सहांपैकी आणखीही भाग त्यानं केले, पुढे १९६६ मध्ये पॉल न्यूमनला खासगी गुप्तहेर करून 'हार्पर' केला.

नुआर म्हणजे हॉलिवूडचे ते गुन्ह्याचे, अंधारे, काळे-पांढरे सिनेमे. नुआर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात पावसानं ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, हॅट, धूर. ही सगळी शोभा बऱ्याचदा पैशाच्या तंगीतून आलेली आहे. १९४५ चा 'डिटूर' हा हॉलिवूडच्या अगदी गरीब कंपनीचा सिनेमा. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते, तर त्यांनी स्टुडिओत धुकं सोडलं आणि त्यात दोन माणसं चालवली. अंधारात सेट लागत नाही. एकच कॅमेरा असला की एकाच बाजूनं कडक दिवा मारता येतो, बाकी सगळं काळं.

चार कॅमेऱ्यांत हे जमत नाही. एका कॅमेऱ्याला सुंदर दिसणारी सावली दुसऱ्याला नाकावरून ओघळलेली दिसते. शिवाय वर माइकचा बूम फिरत असतो. कडक दिवा लावला की बूमची सावली बरोबर नायिकेच्या कपाळावर. आमचे लाइटदादा याच कारणानं वैतागायचे. शेवटी सगळीकडून मऊ, सारखा उजेड, आणि चेहरा भाकरीसारखा सपाट. म्हणजे या लोकांकडून पैसे काढून घेतले, त्याबरोबर अंधारही काढून घेतला. आणि करायची होती शवागाराची गोष्ट.

मग उरलं काय? मला वाटतं, जे उरलं तेच नुआरचा गाभा आहे. शेवट कुठे आहे हे माणसाला माहीत असतं आणि तरी पाय तिकडेच जातात. लिझ पॉवेल हे त्या बाईचं नाव. क्लबात नाचणारी. अतिश्रमानं, मनाच्या थकव्यानं हॉस्पिटलात आलेली. हे काम केलंय बार्बरा निकल्सनं. ती १९५७ च्या 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस'मध्ये सिगरेट विकणारी मुलगी झाली होती, जिला एक जाहिरातवाला आपल्या फायद्यासाठी दुसऱ्या पुरुषाच्या पदरात टाकतो. तो सिनेमा अस्सल नुआर. म्हणजे सावल्या आणता आल्या नाहीत तरी त्या रस्त्यांवरची बाई त्यांनी सरळ हॉस्पिटलच्या पलंगावर आणून ठेवली. सोनेरी केस, जरा घोगरा, जरा कर्कश आवाज. असली बाई कोर्टात साक्षीला उभी राहिली तर वकील आधी तिच्या कपड्यांकडे बघतील.

आणि हॉस्पिटलातही तेच होतं. तिचा एजंट भेटायला येतो, हे तिचं डोक्याचं खूळ आहे असं धरून बोलतो. डॉक्टर सभ्य आहे (जोनाथन हॅरिस, पुढे 'लॉस्ट इन स्पेस' या मालिकेतला डॉक्टर स्मिथ), पण त्याचं सगळं लक्ष तिला पटवून देण्यात. शवागारात रात्रपाळीला असणाऱ्या खऱ्या नर्सला तो तिच्यासमोर उभी करतो. लिझ म्हणते, ही ती नव्हे. झालं, डॉक्टरच्या लेखी मुद्दा सिद्ध झाला. मग तो सुचवतो, पुढच्या वेळी स्वप्नात एक गोष्ट बदलून बघ, ग्लासाला हात लावू नकोस. त्या रात्री ती ग्लासाऐवजी सिगरेटकडे वळते. लायटर हातातून पडतो, तो उचलायला ती वाकते, हाताचा धक्का लागून ग्लास खाली. फुटला. पावलं सुरू.

या जागी मी दर वेळी श्वास रोखते. दहा-बारा वेळा तरी बघितलंय. वाट बदलली तरी ग्लास फुटतोच. त्या राखाडी, सपाट उजेडात हे जास्त भयंकर वाटतं, कारण हॉस्पिटल खरोखर तसंच असतं. रात्री तीनला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सावल्या नसतात हो. ट्यूबलाइटचा पांढरा, सगळीकडे सारखा उजेड असतो. लपायला अंधारच नसतो.

हे मला माहीत आहे, कारण २०१२ च्या जुलैत मी अशा कॉरिडॉरमध्ये उभी होते.

आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तिसऱ्या मजल्यावर दोन खाटांची खोली, आईची खाट दाराशी, आणि दारासमोर सामानाची मोठी लिफ्ट. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रात्री एक बाई येते गं. चप्पल घासत येते. माझ्या दाराशी थांबते, मग खाली जाते."

आम्ही डॉक्टरांना सांगितलं. तरुण रेसिडेंट होता, चांगला होता. म्हणाला, या वयात ऑपरेशननंतर असे भास होतात, भुलीचा परिणाम, चार दिवसांत जातील. हे वैद्यकीयदृष्ट्या खोटं नाही, म्हाताऱ्या माणसांना असं होतं. झोपेची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काल तिच्याबरोबर चाकं होती." भाऊ म्हणाला, आई, स्वप्न पडलं असेल. मीसुद्धा म्हणाले. मी तिचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं म्हणाले, "आई, स्वप्नच ते." तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. त्यानंतर तिनं तो विषय माझ्याकडे काढला नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगायची, मी आले की गप्प बसायची.

चौथ्या रात्री भावाला ताप होता म्हणून मी मुक्कामाला राहिले. खुर्चीत डुलकी लागली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी चपलेचा आवाज आला. रबरी चप्पल, उजवा पाय जरा जास्त घासणारा. आई जागी होती. बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. मी उठून दार उघडलं.

निळी साडी नेसलेल्या आयाबाई. त्यांच्यामागे वॉर्डबॉय, ट्रॉली ढकलत. ट्रॉलीवर हिरवी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली. बाई लिफ्टचं बटण दाबून थांबल्या होत्या, म्हणजे अगदी आईच्या दारासमोर, कारण लिफ्ट तिथेच होती. लिफ्ट आली. ट्रॉली आत गेली. वरचा लाल आकडा तीन, दोन, एक, शून्य झाला आणि मग इंग्रजी 'बी'. मी तो 'बी' बघत कितीतरी वेळ उभी होते.

आयाबाई निघताना मला म्हणाल्या होत्या, "झोपा ताई, काही नाही." आवाज खूप मऊ होता.

सकाळी मुख्य सिस्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, बॉडी दिवसा नेत नाही, पेशंटचे नातेवाईक असतात, लोक घाबरतात, म्हणून पहाटे. शवागार तळघरात. त्या आठवड्यात आयसीयूत बरेच गेले होते. आईची खाट त्यांनी लगेच खिडकीकडे हलवून दिली. पाच मिनिटांचं काम होतं. चार दिवस आम्ही तिला गोळ्या देत होतो आणि समजावत होतो. तिनं मात्र जे होतं तेच, जसंच्या तसं पाहिलं होतं.

'ट्वेंटी टू'मध्येही डॉक्टरला शेवटी एका गोष्टीनं चुटपुट लागते. तळघरातल्या त्या खोलीचा नंबर बावीस आहे हे हिला कसं माहीत? ती तर तिथे कधी गेलेलीच नाही. तो क्षणभर थांबतो आणि सोडून देतो. मला तो क्षण फार लागतो. विचार ना आणखी एक प्रश्न! खुर्ची ओढून बस तिच्याजवळ.

पुढचं अनेकांना माहीत असेल. लिझला घरी सोडतात, ती मायामीला निघते. विमानतळावर कळतं की तिची फ्लाइट बावीस नंबरची. घड्याळाची टिकटिक मोठी होत जाते. तहान लागते. एका बाईला धक्का लागून तिच्या हातातली फुलदाणी फुटते. ती विमानाच्या दाराशी पोचते आणि आतून हवाईसुंदरी बाहेर येते. तोच चेहरा, तेच हसू, तेच वाक्य. (ही आर्लीन मार्टेल. हवाईसुंदरीचं हसू तसंच ठेवून ती नुसती डोळ्यांनी ओळख देते.) लिझ किंचाळत परत पळते. विमान तिच्याशिवाय उडतं, आणि आकाशात त्याचा स्फोट होतो.

मालिकेचा कर्ता आणि निवेदक रॉड सर्लिंगनं ही कथा बेनेट सर्फ या अमेरिकन प्रकाशकानं जमवलेल्या १९४४ च्या भूतकथांच्या संग्रहातून घेतली. त्याच्याही आधी ई. एफ. बेन्सन या इंग्रज लेखकानं १९०६ मध्ये हेच बसच्या कंडक्टरवर लिहिलं होतं, आणि १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश सिनेमातही ते येऊन गेलं होतं. बेन्सनच्या गोष्टीत आणि त्या सिनेमात ते दृश्य पाहणारा पुरुष आहे, सर्फच्या संग्रहात न्यूयॉर्कची एक तरुण मुलगी. सर्लिंगनं तिथे एक नाचणारी बाई ठेवली, दमलेली, जिचं म्हणणं कुणी खरं धरत नाही अशी. माझ्या मते या एपिसोडमधली सगळ्यात मोठी कारागिरी ही आहे, आणि तिला एक डॉलरही जास्त लागला नाही.

आईला मी हा भाग २०१४ मध्ये दाखवला. दाखवू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. तीच म्हणाली, "तू रोज काय बघत असतेस ते मलाही दाखव." तोवर ती काठी घेऊन घरात फिरत होती. लिफ्ट तिनं टाळली नाही, तेवढी ती खंबीर होती. फक्त रात्री उशाशी काचेचा ग्लास ठेवू द्यायची नाही, स्टीलचं फुलपात्रच हवं. मी कारण कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं काच फुटून पायात जाईल म्हणून असेल.

मी शेजारी बसून वाक्यं मराठीत सांगत होते. आईनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. डॉक्टर त्या दुसऱ्या नर्सला आणून उभी करतो तिथे फक्त 'हं' म्हणाली. विमान फुटलं, सर्लिंगचा आवाज संपला, मी डीव्हीडी काढायला उठले.

"थांब," आई म्हणाली. "ते पावलांचं पुन्हा लाव."

मी मागे नेलं. ग्लास फुटला. बाहेर पावलं वाजू लागली. आईनं डोळे मिटले होते, मान जरा उजवीकडे झुकवली होती, जसं ती रेडिओवर गाणं ऐकताना करायची. पावलं लिफ्टपाशी पोचेपर्यंत तिनं ऐकलं.

"हिचे बूट आहेत," ती म्हणाली. "तिकडे चप्पल होती. उजवा पाय घासणारी."

"हो," मी म्हटलं. "मी ऐकली आहे."

तिनं माझा हात घेतला आणि मला म्हणाली, आता पुढचा भाग लाव.